पंपिंग किती आलं, मॅडम?

सोलापुरात अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या घरात ‘पंपिंग’ हा शब्द आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. पेशंट इकोच्या टेबलावरून उठून शर्टाची बटणं लावत असतो, तेवढ्यात दारातले मेहुणे विचारतात, “पंपिंग किती आलं, मॅडम?” हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, तो हा आकडा. ठणठणीत माणसातही तो शंभर नसतो, ५५ ते ७० च्या घरात असतो. हे आधीच सांगून ठेवावं लागतं. यंत्रमागावर काम करणाऱ्या एकाला मी ३५ म्हटलं, तर तो खुशीत येऊन म्हणाला, “पस्तीस म्हंजे पास की ओ!” त्याची बायको हसली नाही. काठावर पास होणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते तिनं घरात पाहिलेलं असावं.

मला स्वतःला टक्क्यांआधी दुसरा आकडा पाहायची सवय आहे. कप्पा पूर्ण आकुंचन पावल्यावर आत किती रक्त उरलं, तो. ऑकलंडचे हार्वी व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की अटॅकमधून वाचलेला माणूस पुढे किती जगेल याचा अंदाज टक्केवारीपेक्षा या उरलेल्या रक्तावरून जास्त नीट बांधता येतो. कप्पा किती फुगला आहे ते त्यातून कळतं. आणि अटॅकनंतरचे कित्येक महिने डॉक्टरची झटापट चालते ती या फुगण्याशीच.

शिकत असताना मला हे इतकं उमगलं नव्हतं. मी इथल्याच डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. सगळं गाव त्याला नि त्याच्या रुग्णालयाला मिळून ‘सिव्हिल’ म्हणतं. नव्वदच्या दशकात अटॅकचा पेशंट आला की स्ट्रेप्टोकायनेजची पंधरा लाख युनिटं तासाभरात सलाइनमधून द्यायची आणि मॉनिटरकडे बघत बसायचं. कळ थांबली, ईसीजीतला उंचावटा खाली आला, की आम्ही निवासी डॉक्टर चहाला सुटायचो. आमचं सगळं शौर्य पहिल्या बारा तासांतलं. तो माणूस घरी जाऊन चार महिन्यांनी दम लागतो म्हणून परत आला, तर तो बहुधा दुसऱ्या युनिटच्या दिवशी यायचा.

पूर्व भागात स्वतःचा दवाखाना टाकल्यावर मात्र तोच माणूस पुन्हा पुन्हा माझ्याच समोर बसायला लागला. आजूबाजूला यंत्रमागांचे कारखाने, चादरी-टॉवेलांची गोदामं, विड्या वळणाऱ्या बायकांची घरं. ओपीडीत मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा चालतात. अक्कलकोट, इंडी, आळंदकडचे लोक कन्नडमध्ये सुरुवात करतात आणि माझा चेहरा बघून मराठीवर येतात. एकाच माणसाचा डिस्चार्जच्या वेळचा, सहाव्या आठवड्यातला आणि सहाव्या महिन्यातला इको ओळीने लावून पाहायची संधी मला इथं मिळाली. दोन माणसांना सारखाच अटॅक, सारख्याच ठिकाणी अडथळा, पहिल्या दिवशी सारखंच पंपिंग. आणि सहा महिन्यांनी एकाचा कप्पा जवळजवळ पूर्वीच्या आकाराचा, दुसऱ्याचा चेंडूसारखा गोल.

आत घडतं ते असं. रक्त न मिळालेला स्नायू मरतो. मेलेल्या पेशी शरीर उचलून नेतं आणि तिथे हळूहळू चिवट, तंतुमय व्रण तयार होतो. तो पक्का व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर तो भाग मऊ असतो आणि प्रत्येक ठोक्याला आतल्या दाबाने ताणला जातो, पातळ होतो, पसरतो. जिवंत स्नायूला सगळ्यांचं काम करावं लागतं, म्हणून त्याच्याही पेशी लांबतात. लांबट असलेला कप्पा गोल होत जातो. कप्पा जितका मोठा आणि भिंत जितकी पातळ, तितका प्रत्येक तंतूवरचा ताण जास्त, हा लाप्लासचा नियम. म्हणजे फुगलेला कप्पा स्वतःच्याच फुगण्याने आणखी फुगतो. मग झडपेच्या पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत, रक्त उलटं गळायला लागतं. हे मी टॉवेलच्या कारखान्यात जन्म काढलेल्या एका अण्णांना सांगत होते. त्यांनी मला मधेच थांबवलं. “म्हंजे कापड इरलंय. एका जागी इरलं की शेजारचे धागेबी तटातट जातेत. तुमाला गोळी देऊन ते वडायचं थांबवायचंय.” इतकं नेमकं मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. फक्त कापड स्वतःला ओढत नाही, हृदय ओढतं.

कारण मूत्रपिंडाला अटॅक वगैरे काही कळत नाही. आपल्याकडे रक्त कमी येतंय एवढंच त्याला कळतं, आणि माणूस जखमी होऊन रक्त वाहतंय किंवा पाण्यावाचून तडफडतोय असं समजून ते रेनिन सोडतं. त्यातून अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन, जोडीला अॅड्रेनॅलिन. शिरा आवळल्या जातात, मीठ-पाणी धरून ठेवलं जातं, ठोके वाढतात. दोन-चार तासांच्या संकटात हे जीव वाचवतं. महिनोन्‌महिने चालू राहिलं तर तेच हृदयाला सोलून काढतं: ताण वाढवतं आणि निरोगी स्नायूतसुद्धा व्रणासारखे तंतू पेरतं.

यातलं अँजिओटेन्सिन बनणं थांबवणारी पहिली गोळी सापाच्या विषातून आली. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषावर सर्जिओ फेरेरा यांनी साठच्या दशकात काम केलं, त्याच्या आधारे स्क्विब कंपनीतल्या कुशमन आणि ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल घडवलं आणि १९८१ मध्ये ते अमेरिकेत रक्तदाबाचं औषध म्हणून मंजूर झालं. बॉस्टनमध्ये मार्क आणि जॅनिस फेफर हे दांपत्य तेव्हा उंदरांच्या हृदयाची रक्तवाहिनी बांधून त्यांना अटॅक आणत होतं. कॅप्टोप्रिल मिळालेल्या उंदरांचे कप्पे कमी फुगले, हे त्यांनी युजीन ब्राउनवाल्ड यांच्याबरोबर १९८५ मध्ये छापलं. मग माणसांवरचा मोठा अभ्यास झाला, ‘सेव्ह’ नावाचा. १९९२ मध्ये त्याचे निकाल आले. पंपिंग ४० किंवा त्याखाली असलेले २२३१ लोक, औषध अटॅकनंतर तिसऱ्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान सुरू. सरासरी साडेतीन वर्षांत नुसत्या खडूच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी शंभरात पंचवीस गेले, कॅप्टोप्रिलवाल्यांपैकी वीस.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आकड्यांत नाही. त्यातल्या माणसांना हृदय थकल्याचा उघड त्रास नव्हता. दम नाही, पायावर सूज नाही. बरं वाटत असलेल्या माणसांना गोळी दिली आणि शंभरातले पाच वाचले. ते पाच कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. त्या पाचांनाही नाही. माझ्या समोर बसलेल्या माणसाला मी काय सांगायचं? “तुम्ही ही गोळी घ्या, तुम्हाला काहीही जाणवणार नाही, आणि ते न जाणवणं म्हणजेच तिचा गुण.” सोलापूरचा माणूस याला सरळ उत्तर देतो: “मला तर काय होईनाच गेलंय. मग कशाला खायचं?”

त्यातून गोळ्यांच्या नावांचा घोळ. चिठ्ठीवर कॅप्टोप्रिलच्याच कुळातलं रामिप्रिल आणि मेटोप्रोलॉल असतं. मेडिकलवाला पाकिटावर बोट ठेवून सांगतो, ही बीपीची, हीपण बीपीची. पेशंटचं बीपी ११०. शेजारी मशीन असतंच हल्ली, ते लावून बघतात, नॉर्मल येतं, गोळी बंद. आता हृदयासाठीही डॅपाग्लिफ्लोझिन आलंय, तर शुगर नसलेला माणूस शुगरची गोळी बघून भडकतो. आणि या सगळ्यांत जी गोळी कुणी कधीच विसरत नाही ती लघवीची, फ्युरोसेमाइड. घेतल्यावर तासाभरात दोनदा जाऊन येतो, छाती मोकळी होते, रात्री आडवं झोपता येतं. दम लागलेल्या माणसाला ती हवीच. पण कप्प्याचा आकार सुधारण्यात तिचा हात नाही. जी जाणवते ती आकार सुधारत नाही, आणि जी सुधारते ती जाणवत नाही. माझी निम्मी ओपीडी या उलट्या हिशोबाशी भांडण्यात जाते.

काही गोळ्या जाणवतात, पण नको तशा. रामिप्रिलने कोरडा खोकला येतो. महिनाभर आधी अटॅक येऊन गेलेल्या विडी कामगार बाईला खोकला लागला की घरचे आधी टीबीचीच शंका घेतात. थुंकी तपासून, एक्स-रे काढून, दोन बाटल्या औषध पिऊन झाल्यावर ती माझ्याकडे येते. गोळी बदलून सार्टन गटातली दिली की पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांत खोकला जातो. २००३ च्या ‘व्हॅलियंट’ अभ्यासात व्हालसार्टन कॅप्टोप्रिलच्या बरोबरीला उतरलं, म्हणून ही अदलाबदल मी बिनघोर करते. अल्डोस्टेरॉनला अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांच्या छातीला गाठ येऊन दुखतं. बाई डॉक्टरला हे सांगायला पुरुष तयार नसतात. गोळी गुपचूप बंद करतात आणि सुजून येतात. आता मीच आधी विचारते. त्याच्या जागी एप्लेरेनोन दिलं तर तो त्रास क्वचितच होतो, आणि २००३ च्याच ‘एफेसस’मध्ये अटॅकनंतरच्या कमजोर हृदयांत त्याने मृत्यू कमी केले होते. या दोन्ही गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. वॉर्डात खाटेखाली शहाळी रचलेली दिसली की मी नातेवाइकांनाच ती प्यायला लावते.

मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरची कथा तर मी माझ्या विद्यार्थिदशेपासून पाहत आले. हृदय कमजोर असेल तर हे औषध द्यायचंच नाही, हे तेव्हा परीक्षेत लिहायचं ठरलेलं उत्तर होतं. वास्तविक स्वीडनमधल्या योतेबोरीला वागस्टाइन आणि यालमारसन यांनी १९७५ मध्येच कमजोर हृदयाला ते देऊन सुधारणा दाखवली होती. जगाने पुढची वीस वर्षं त्याकडे संशयाने पाहिलं. २००१ मध्ये ‘कॅप्रिकॉर्न’चा निकाल आला: अटॅकनंतर पंपिंग ४० किंवा त्याखाली असलेल्यांना कार्व्हेडिलॉल दिल्यावर मृत्यू १५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर. पण हे औषध मुंगीच्या पावलाने वाढवायचं असतं. ३.१२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, थोड्या थोड्या आठवड्यांनी दुप्पट. पहिले काही दिवस माणसाला अधिक थकल्यासारखं वाटतं. पाळीचा पगार घेणारा कामगार “ही गोळी खाल्ली की मागावर उभं राहवत नाही” म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला रविवारी डोस वाढवायला सांगायचा, रात्री जेवल्यावर घ्यायला सांगायची, अशा युक्त्या कुठल्या मार्गदर्शक सूचनांत सापडायच्या नाहीत.

घाईचाही उपयोग नसतो. ‘सेव्ह’चे निकाल आले त्याच वर्षी स्कँडिनेव्हियातल्या ‘कन्सेन्सस-२’मध्ये पहिल्या चोवीस तासांतच शिरेतून एनालाप्रिलॅट देऊन पाहिलं होतं. फायदा दिसेना, काहींचं बीपी कोसळलं, अभ्यास मधेच थांबवावा लागला.

याहून जुना एक धडा मला आमच्या गावासाठी अधिक महत्त्वाचा वाटतो. सत्तरच्या दशकात काही डॉक्टरांनी तर्क केला, की अटॅकनंतर हृदयात जळजळ होते, तर ती दाबायला स्टेरॉइड द्यावं. १९७६ मध्ये आलेल्या निष्कर्षात मिथाइलप्रेडनिसोलोनने उलटंच केल्याचं दिसलं. व्रण भरायला तीच जळजळ लागते. ती दाबली तर व्रण नीट भरत नाही, भिंत पातळ राहते. वेदनाशामक गोळ्यांवरही डेन्मार्कमधल्या मोठ्या नोंदींतून २०११ मध्ये कळलं, की अटॅक येऊन गेलेल्यांत त्या थोडे दिवस घेतल्या तरी धोका वाढलेला दिसतो. आता पूर्व भागात या. बारा तास मागावर उभं राहणाऱ्यांचे गुडघे, दिवसभर सूप मांडीवर घेऊन वाकून विड्या वळणाऱ्यांच्या कंबरा. डायक्लोफिनॅक इथं चहासोबत घेतलं जातं. सांधेदुखीची पुडी कुठून तरी मिळते आणि तिने दोन दिवसांत जादू होते. अशा जादूच्या पुडीत स्टेरॉइड असण्याचा संशय मी आधी घेते. या गोळ्या-पुड्या चिठ्ठीवर नसतात, म्हणून विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. “दुसरी कुठली गोळी?” विचारलं तर उत्तर “नाही”. “गुडघ्याला काय घेता?” विचारलं की पदराची गाठ सुटते. तंबाखूचंही तेच. “तंबाखू सोडली का, अक्का?” “कवाच सोडली मॅडम. निस्ती मिश्री लावते.”

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये मागांच्या शेजारी त्याहून जास्त. घामावाटे मीठ-पाणी गेलेल्या शरीरात रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, लघवीची गोळी, सगळी जानेवारीच्याच डोसात चालू राहिली तर माणूस उठताना डोळ्यापुढे अंधारी येऊन पडतो, क्रिएटिनिन चढतं. मग कुणीतरी सगळ्याच गोळ्या बंद करतं आणि पावसाळ्यात तो दम लागून येतो. म्हणून गुढीपाडव्याच्या सुमाराला मी या पेशंटांना बोलावून घेते. लघवीची गोळी कमी करायची, जमत असेल तर थांबवायची. उलट्या-जुलाब लागले तर कुठल्या गोळ्या तेवढ्यापुरत्या सोडायच्या आणि खाणं सुरू झाल्यावर त्याच कशा पुन्हा धरायच्या, हे कागदावर लिहून द्यायचं. आमच्या सिस्टर तेच तेलुगूत लिहितात, कारण घरात वाचणारी व्यक्ती बऱ्याचदा सासू असते आणि ती तेलुगू शाळेत गेलेली असते.

पैशाचं गणित वेगळंच आहे. महात्मा फुले योजनेतून स्टेंट बसला की घरच्यांना वाटतं, काम झालं. पुढच्या गोळ्या बहुतेकांना दर महिन्याला खिशातूनच आणाव्या लागतात. २०११ मध्ये छापलेल्या ‘प्युअर’ अभ्यासात गरीब देशांमधले हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले दहापैकी आठ लोक एकही गोळी घेत नव्हते. रामिप्रिल, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी मंडळी जनऔषधी दुकानात स्वस्तात मिळतात, आणि मला तीच आवडतात. नवं ते सगळं सरस असं नाही. साक्युबिट्रिल-व्हालसार्टनचा बोलबाला होता, पण ताज्या अटॅकनंतर त्याची गाठ साध्या रामिप्रिलशी घातली तेव्हा, २०२१ च्या ‘पॅराडाइज-एमआय’मध्ये, ते ठरवलेली आघाडी मिळवू शकलं नाही. डॅपाग्लिफ्लोझिनच्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचंही २०२४ मध्ये तसंच झालं. मुख्य प्रश्नाचं उत्तर नकारार्थी, मात्र हृदय थकून दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी. मार्च २०२५ मध्ये त्याचं पेटंट संपून देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्यापासून मी ते जास्त लिहिते, हे मान्य. पण एखाद्या घरात महिन्याला ठरावीकच पैसे निघत असतील, तर ते आधी जुन्या तीन गोळ्यांवर जावेत असं माझं मत आहे, आणि कंपनीच्या माणसांना ते आवडत नाही.

गेल्या हिवाळ्यात, गड्ड्याची जत्रा चालू असताना, एक मावशी इकोला आल्या. अटॅकच्या वेळी पंपिंग ३०, आता ५०. कप्पाही आटोपशीर झालेला. असा इको बघताना मी मशीनवर जरा जास्त वेळ रेंगाळते, ते निव्वळ स्वतःच्या समाधानासाठी. मावशींनी लगेच विचारलं, “मग आता बंद ना गोळ्या?”

याला तयार उत्तर नाही. लंडनमधल्या, २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासात हृदय सुधारलेल्या लोकांच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने काढून पाहिल्या, तर सहा महिन्यांत दहापैकी चार जणांचं हृदय पुन्हा ढासळलं. पण ते लोक अटॅकचे नव्हते, स्नायूच्याच आजाराचे होते. दुसरीकडे ज्यांचं पंपिंग अटॅकनंतर मुळातच चांगलं होतं, त्यांना बीटा ब्लॉकर देऊन काही फायदा नाही असं स्वीडनमधून निघालेल्या ‘रिड्यूस-एएमआय’ने २०२४ मध्ये सांगितलं. पुढच्या वर्षी स्पेनमधून तसंच ऐकू आलं आणि डेन्मार्क-नॉर्वेतून थोडं वेगळं. मावशी या दोन्ही गटांत बसत नाहीत. त्यांचं पंपिंग गोळ्यांनीच वर आलंय असं माझं मत, सोडलेल्या मिश्रीने आलंय असं त्यांच्या सुनेचं, आणि सिद्धरामेश्वराने आणलंय असं मावशींचं.

लघवीची गोळी मी बंद केली. मावशी म्हणाल्या, तीच तर कामाची होती, ती ठेवा आणि बाकीच्या तीन काढा. मी म्हटलं, तीन राहणार. “दोन?” त्यांनी विचारलं. मंगळवार बाजारात भाजीचा भाव करावा तसा आमचा सौदा चालला, सून मध्ये पडली, बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले. शेवटी उन्हाळा संपेपर्यंत तिन्ही, मग परत इको आणि मग बोलू, यावर मावशी राजी झाल्या. जाताना दारात त्यांनी सुनेला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. सून हसत मला म्हणाली, “अत्ती म्हनालेत, उन्हाळ्यात परत भाव करू.”